गळ्यातली माळ

मानेच्या दुखण्याने हैराण होऊन गेल्या महिन्यात मी कर्वे रस्त्यावरच्या एका केंद्रात एक्स-रे काढायला गेले होते. आतल्या खोलीत गारठा होता, जंतुनाशकाचा वास होता आणि यंत्रापाशी उभी असलेली पंचविशीतली मुलगी घाईत होती. "कानातलं, गळ्यातलं काही असेल तर काढून या ट्रेमध्ये ठेवा," ती म्हणाली. मी कुड्या काढल्या, चष्मा काढला, केसांतली पिन काढली, आणि मग माझे दोन्ही हात आपोआप गळ्याशी गेले. उजव्या हाताची बोटे काहीतरी धरल्यासारखी मिटली आणि मी म्हणाले, "माळ आहे, ती काढत नाही." मुलीने माझ्या गळ्याकडे पाहिले. तिथे काहीच नव्हते. "कुठली माळ, मॅडम?" तिने विचारले, आणि मला उत्तर सुचले नाही.

तुळशीची माळ मी गळ्यातून उतरवली त्याला वीस वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. मी एकादशी करत नाही. देवळात गेले तर जाते, नाही गेले तर त्याची रुखरुख लागत नाही. तरीही ते वाक्य माझ्या तोंडून जसेच्या तसे बाहेर पडले, आणि तेही एखाद्या लहान मुलीच्या आवाजात, मान थोडी खाली घालून. माळ घातली त्याच दिवशी आईने ते माझ्याकडून पाठ करून घेतले होते. गॅदरिंगच्या नाचासाठी बाईंनी खोट्या मोत्यांचा सर पुढे केला, फोटो स्टुडिओतल्या काकांनी 'ते गळ्यातलं काढ बेटा' म्हटले, किंवा डॉक्टरांनी छाती तपासताना माळ बाजूला सारली, की हे वाक्य म्हणायचे आणि माळ मुठीत घट्ट धरायची. त्या दिवशी रिक्षाने घरी परतताना मला वाटत होते की या वाक्याचा आपल्याला राग यायला हवा. तो आला नाही. फार दिवसांनी ओळखीचे माणूस दारात उभे राहावे तसे काहीसे वाटले, आणि हेच मला पुढे कितीतरी दिवस टोचत राहिले.

आमचे घर नाना पेठेत, निवडुंग्या विठोबाच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर होते. अण्णा भवानी पेठेतल्या एका भुसार आडतीवर हिशेब लिहीत. पहाटे नळाला पाणी येण्याच्या आत त्यांची आंघोळ झालेली असे. मग ते सहाणेवर गोपीचंदनाची वडी उगाळत, आणि त्या ओल्या, मातकट वासाचे गार बोट आम्हा भावंडांच्या कपाळावर टेकले की आमचा दिवस सुरू होई. दिवेलागणीला हरिपाठ. भाऊ पखवाज वाजवायचा. त्याच्या डाव्या पुडीला लावायची कणीक मळून देण्याचे काम माझ्याकडे होते. ती फार सैल होऊन चालत नसे, फार घट्टही चालत नसे, आणि भजन संपल्यावर वाळण्याआधी खरवडून काढावी लागे, नाहीतर पुडीला चिकटून बसे. 'पखवाज घुमतो तो माझ्या लेकीच्या कणकेने,' असे अण्णा आल्यागेल्याला कौतुकाने सांगत. पखवाजावर हात ठेवायची मात्र मला मुभा नव्हती. मुलींनी टाळ धरावा, असे आजीचे म्हणणे होते, आणि महिन्यातले चार दिवस तोही धरायचा नसे. तेव्हा मी मोरीजवळच्या भिंतीला टेकून बसायची आणि सगळे अभंग मनातल्या मनात म्हणायची, कारण तोंडाने म्हटलेले चालते की नाही हे विचारण्याची सोय नव्हती.

मांस, मच्छी, अंडे घरात वर्ज्य होते, यात आम्हाला कधी विशेष काही वाटले नाही. जाच होता तो बारीकसारीक गोष्टींचा. घरात टीव्ही नव्हता, सिनेमाचे नाव काढायचे नाही, केस मोकळे सोडायचे नाहीत, एकादशीला खेळायला जायचे नाही, बाहेरचे काही तोंडात घालण्याआधी ते कुणी, कशात केले आहे ते विचारायचे. मैत्रिणीच्या वाढदिवसाला केकची बशी हातात आली की मी ती घेऊन गच्चीच्या कठड्यापाशी उभी राहत असे. त्या गुलाबी क्रीमचे फूल हळूहळू कसे वितळते हे मी जितक्या बारकाईने पाहिले आहे तितके केक खाणाऱ्या कुणी पाहिले नसेल. शेवटी बशी गुपचूप कोपऱ्यात ठेवून मी वेफर्स खायची.

आजी म्हणायची, "माळेला सगळं कळतं."

माझ्या लेखी विठ्ठल दूर पंढरपुरात होता आणि त्याचा मला कधी धाक वाटला नाही. कमरेवर हात ठेवून उभा असलेला तो काळा देव मला प्रेमळच वाटत आला. माळ मात्र गळ्यातच होती. रात्री कूस बदलली की मणी रुतत आणि दिवसभराचे सगळे आठवे: शेजारी चोरून पाहिलेला चित्रहार, आईला मारलेली थाप, भावाचा आलेला राग. मी आजही झोपेत हनुवटी वर करून झोपते, आणि आताच्या डॉक्टरांनी मानेच्या दुखण्याची कारणे विचारली तेव्हा हे कारण त्यांना सांगावे की नाही, याचा मी क्षणभर विचार केला.

पाचवीत असताना शाळेच्या मैदानावर खो-खो खेळताना माझी माळ तुटली. खांबाला वळसा घालताना कुणाचे तरी बोट अडकले आणि मणी मातीत उधळले. खेळ थांबवून सगळ्या मुली गुडघ्यांवर बसून मणी वेचू लागल्या. मातीच्याच रंगाचे ते बारीक मणी दिसतच नव्हते. तळहाताने चाचपून, खडे बाजूला करून शोधावे लागत होते. माळ तुटली की ती पुन्हा गळ्यात पडेपर्यंत अन्नाचा कण घ्यायचा नाही, हा नियम मला पक्का ठाऊक होता. मधल्या सुट्टीत मी बटाट्याच्या भाजीचा डबा न उघडता दप्तरात परत ठेवला आणि मणी रुमालात बांधून उरलेले तास मूठ आवळून काढले. बाई रागावल्या, मैत्रिणींनी पोळीचा घास तोंडापाशी आणला, पण मी ओठ उघडले नाहीत. मला भुकेची फारशी आठवण नाही. आठवते ते हे, की मोकळ्या गळ्याला वारा लागत होता आणि त्या वाऱ्याची मला भीती वाटत होती.

संध्याकाळी अण्णा आडतीवरून आले, हातपाय धुतले आणि काही न बोलता दिव्याखाली वर्तमानपत्र पसरून बसले. दोऱ्याला मेण लावून त्यांनी एकेक मणी ओवला. मण्यांची भोके मातीने बुजली होती. ती ते सुईने साफ करत, फुंकर मारत, डोळ्याजवळ धरून पाहत आणि मग ओवत. एकशे आठ भरेनात, तेव्हा देवघराच्या कप्प्यातल्या पंढरपूरच्या डबीतून त्यांनी उरलेले मणी घेतले. गाठ मारून माळ पोथीवर टेकवली आणि माझ्या गळ्यात घातली. आईने दोन ताटे वाढली तेव्हा मला कळले की दुपारी भावाने आडतीवर जाऊन माळ तुटल्याची बातमी सांगितली होती आणि अण्णांचा डबा भरलेलाच परत आला होता. मी भीतीपोटी उपाशी राहिले होते आणि ते माझ्यासाठी. अशा माणसाविषयी मनात राग धरणे फार अवघड असते. पण त्यांनी मला, भूक लागली होती का, एवढेही विचारले नाही. लहान मुलीने दिवसभर उपाशी राहावे की नाही, हा प्रश्न त्या घरात कुणाला पडतच नव्हता, अण्णांनाही नाही.

ज्येष्ठात पालख्या पुण्यात मुक्कामाला येत तेव्हा मात्र आमच्या गल्लीचे रूपच बदलून जाई. तुकोबांची पालखी निवडुंग्या विठोबात, माउलींची भवानी पेठेत. आमच्या दोन खोल्यांत एका दिंडीच्या बायका उतरत. रात्री उशिरापर्यंत भाकऱ्या थापल्या जात आणि पिठल्याच्या फोडणीने डोळे चुरचुरत. वर्षभर ज्या बाबतीत मला दटावले जाई, ते सगळे या बायका देवाच्या नावाने बिनधास्त करत होत्या. त्या रस्त्यावर झोपत, भर चौकात केस वाळवत, अनोळखी माणसांशी मोठ्याने हसून बोलत, पदर खोचून फुगड्या घालत. परभणीकडच्या एक मावशी दरवर्षी आमच्याकडे यायच्या. पायांना तेल चोळता चोळता त्या एकदा मला म्हणाल्या, "वर्षातले हे दिवस माझे गं बाई. बाकीचे त्यांचे." हे ऐकून आजीने मला आत बोलावून घेतले होते. चालत निघालेल्या त्या बायकांएवढ्या मोकळ्या बायका मी नंतर कुठल्याच कार्यालयात पाहिल्या नाहीत, आणि त्या सगळ्यांच्या गळ्यात माळ होती. म्हणून धर्माने बायकांना फक्त बांधले, असे कुणी माझ्यासमोर म्हणाले की मला मान डोलावता येत नाही.

आमच्या घरी गायल्या जाणाऱ्या अभंगांत जनाबाईचा तो अभंग होता, ज्यात डोईवरचा पदर खांद्यावर येतो आणि ती भरल्या बाजारातून जाईन म्हणते. अण्णांचा तो आवडता होता. डोळे मिटून, एक हात वर करून ते तो गात आणि त्यांचा आवाज भरून येई. ज्या दिवशी ओढणी न घेता वाण्याकडे गेले म्हणून मला उंबऱ्यात उभे केले होते, त्या दिवशीही संध्याकाळी हाच अभंग झाला. मी टाळ वाजवत अण्णांच्या चेहऱ्याकडे पाहत होते. त्यांच्या मनात या दोन गोष्टी एकमेकींना कधी भेटल्याच नव्हत्या. माझ्या मनात त्या त्या संध्याकाळी भेटल्या, आणि पुढे जे काही झाले त्याची सुरुवात मी तिथून धरते. आमच्या घराबाहेरच्या एखाद्या पुस्तकाने किंवा भाषणाने मला बंड शिकवले नाही. ते आमच्याच भजनात, आमच्याच चालीवर, अण्णांच्याच आवाजात मला रोज ऐकू येत होते.

कॉलेज संपत आले तेव्हा सासवडकडचे एक स्थळ आले. घर माळकरी, मुलगा माळकरी, त्यामुळे आणखी काही पाहण्याची गरज कुणाला वाटली नाही. मी नाही म्हणाले. मला नोकरी करायची होती आणि हिशेबाचे पुढचे शिक्षण घ्यायचे होते, जे खरे तर अण्णांचेच काम होते. त्याच पंधरवड्यात पेठेतल्या सप्ताहात कीर्तनाला उभे राहिलेल्या एका महाराजांनी शिकलेल्या मुलींवरून बरेच काही ऐकवले. बायकांच्या बाजूने हशा पिकला. त्या हशात माझी आईही होती. विणेकऱ्याच्या मागे बसलेल्या अण्णांनी मान वर केली नाही. त्यांनी मला कधी हात लावला नाही, घराबाहेर काढले नाही. त्यांनी बोलणे बंद केले, आणि आमच्या दोन खोल्यांत ते न बोलणे मावत नव्हते. मी नोकरी धरली आणि कर्वेनगरला दोन मुलींबरोबर खोली घेतली. हे कर्वेनगर म्हणजे जुने हिंगणे. 1900 साली अण्णासाहेब कर्व्यांनी विधवांसाठीचा आपला आश्रम याच माळावर आणला, तेव्हा शहरापासून दूर असणे हीच त्या जागेची सोय होती. मला नाना पेठेपासून तेवढे अंतर पुरले.

माळ काढली त्या दिवसाविषयी लोक विचारतात तेव्हा त्यांना भांडणाची, अश्रूंची गोष्ट हवी असते. तसे काही झाले नाही. एका रविवारी न्हाऊन आल्यावर आरशात दिसले की दोरा विरत आला आहे. एरवी मी तशीच बस पकडून अण्णांकडे गेले असते. त्या दिवशी मी कात्री घेतली आणि गाठ कापली. माळ एका स्टीलच्या डबीत ठेवली. गळ्याभोवती फिकट कातडीचे कडे उमटले होते, मण्यामण्यांचे वळ दिसत होते. मग वरणभाताचा कुकर लावला, ताट वाढून घेतले, आणि पहिला घास हातात घेऊन मी किती तरी वेळ तशीच बसून राहिले. गळ्यात माळ नाही आणि समोर अन्न आहे, अशा ताटावर मी जन्मात कधी बसले नव्हते. देव आहे की नाही, नियम कुणी केले, असल्या प्रश्नांची उत्तरे मी कॉलेजातच देऊन टाकली होती, पण हाताला ती कुणी कळवली नव्हती. वरण निवले, भातावर साय धरली.

मग मी जेवले.

माझे स्वातंत्र्य मला त्या घासात मिळाले, असे मी आज म्हणू शकते. नोकरी, पगार, खोलीची किल्ली या सगळ्या त्याच्या आधीच्या गोष्टी. विश्वास लवकर जातो, भीती मागे राहते. पुढची दोन-तीन वर्षे साधे पडसे झाले, पगार उशिरा आला, दुचाकी घसरली, की मला डबी आठवे. मांस मी आजही खात नाही, आणि त्यासाठी मला आता कुणाचीही परवानगी किंवा कारण लागत नाही. आषाढीला साबुदाण्याची खिचडी करते, कारण ती मला आवडते. मोकळे होणे म्हणजे जुने सगळे उलटे करून दाखवणे, असे मला कधी वाटले नाही, पण जुन्यातले काय ठेवायचे हे ठरवणारा हात आपला असला पाहिजे, एवढ्यावर मी अडून राहिले.

नियम मुळापासून असेच चालत आले आहेत, असे आजोबा सांगत, आणि त्याच आजोबांनी पंढरपूरच्या देवळाचे दार दलितांना उघडताना पाहिले होते. 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजी त्यासाठी उपोषणाला बसले तेव्हा आमच्या पेठेतल्या कित्येक माळकऱ्यांना देव बाटणार म्हणून झोप लागली नव्हती, असे आजी सांगायची. दार उघडले, वारी थांबली नाही. आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, तेव्हाच्या गंज पेठेत, जोतीराव फुल्यांनी 1868 साली आपल्या वाड्यातला पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला होता. शाळेत जाता-येता मी त्या भागातून गेले आहे, आणि घरी त्याविषयी एक शब्दही ऐकला नाही. ज्या गोष्टी बदलणे अशक्य म्हणून मला सांगितल्या जात होत्या, तशाच गोष्टी माझ्या आजूबाजूच्या चार गल्ल्यांत माणसांनी बदलून दाखवल्या होत्या. हे मला वेळेवर कळले असते तर त्या ताटावर मी इतका वेळ बसले नसते.

अण्णा एकदाच माझ्या घरी राहायला आले, डोळ्याच्या ऑपरेशनसाठी. पट्टी काढल्यानंतर पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे नीट पाहिले ते गळ्याकडे. बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "डबीत आहे ना? ओल लागू देऊ नकोस, मणी किडतात." संध्याकाळी त्यांनी हरिपाठ सुरू केला आणि मी शेजारी बसून टाळ धरला. एकही चरण विसरले नव्हते. त्यांना काय वाटले असेल ते मला ठाऊक नाही. मला गाताना आनंद झाला आणि तो आनंद त्यांना दिसू नये असेही वाटले, कारण मी परत आले असे त्यांनी समजले असते. पुढच्या वर्षी ते गेले. त्यांच्या गळ्यातली माळ कुणी काढली नाही.

एक्स-रेच्या खोलीतल्या त्या वाक्याचा राग का आला नाही, याचे उत्तर मला अलीकडे सापडले आहे असे वाटते. मोठ्या माणसाला नाही म्हणायला मला शिकवणारे ते पहिले वाक्य होते. बाई, डॉक्टर, स्टुडिओतले काका, ज्यांच्यासमोर माझ्या वयाच्या मुलींच्या तोंडून शब्द फुटत नसे, त्यांच्यासमोर मी मान खाली घालून का होईना, पण ठामपणे नाही म्हणत असे, आणि ते माझे ऐकत. सासवडच्या स्थळाला नाही म्हणताना माझा आवाज हाच होता. आईने तो मला बाहेरच्यांसाठी दिला होता. तो एक दिवस घरच्यांसाठीही वापरला जाईल, हे तिच्या ध्यानीमनी नव्हते.

आता भावाचा फोन आला आहे. कार्तिक वद्य एकादशीला आळंदीत सईला, म्हणजे त्याच्या मुलीला, माळ घालायची आहे आणि आत्या म्हणून मी यावे असे त्याला वाटते. सई तिसरीत आहे. ती पखवाज वाजवते. त्यानेच शिकवला आहे, आणि त्याचा मला मनापासून अभिमान आहे. मी त्याला म्हटले की माळ म्हणजे आयुष्यभराचा शब्द आहे, तो ज्याचा त्याने द्यावा, तिला कळते होऊ दे. "तुला घातली म्हणून तुझं काय वाईट झालं?" त्याने विचारले. तेव्हा मी त्याला त्या वरणभाताच्या ताटाविषयी सांगितले, जे आजवर घरात कुणालाच सांगितले नव्हते. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "ताई, माझ्याही गळ्यात माळ आहे. मला तशी भीती कधी नाही गं वाटली." एका घरात, एका ताटात वाढलेल्या आम्हा दोघांना हे आजवर एकमेकांविषयी माहीत नव्हते. त्याला पखवाज मिळाला होता आणि मला पखवाजाची कणीक, यातून हा फरक आला असावा असे मी त्याला म्हणाले, आणि त्याने ते खोडून काढले नाही. "बरं, तिलाच विचारतो," तो शेवटी म्हणाला.

"विचार," मी म्हटले, "पण ती नाही म्हणाली, तर त्या दिवशी घरात सगळ्यांनी जेवायचं."